आधी टिपेश्वर, मग मसाई मारा

केनियाला जायचं ठरलं की आमच्याकडचा माणूस पहिल्यांदा वणीच्या बाजारात जाऊन सुटकेस घेतो. मग तिच्या मापाने कपडे, मग कपड्यांना शोभेल अशी टोपी. माझं सांगणं आहे की बॅग सगळ्यात शेवटी घ्या, आणि कडक कवचाची, चाकांची तर घेऊच नका. त्याआधी करायची कामं बरीच आहेत आणि त्यांतली काही वेळेत झाली नाहीत तर बॅग घराबाहेर काढायची गरजच पडत नाही.

मी राजूरचा. वणी तालुक्यातलं हे गाव कोळशाच्या खाणीमुळे आणि चुन्याच्या भट्ट्यांमुळे लोकांना माहीत आहे. माझी नोकरी कॉलरीत, जमिनीखालच्या खाणीत झाली. खाली उतरण्याआधी डोक्यावरची टोपी, दिवा, बूट, कमरेचा सेल्फ रेस्क्युअर, म्हणजे विषारी वायूत श्वास घेण्याचं उपकरण, सगळं तपासलं जायचं. वर राहिलेली वस्तू खाली मिळत नाही, हे तिथे पहिल्याच दिवशी अंगी बाणवतात. जंगलाला निघतानाही मी हाच हिशेब धरतो. निवृत्तीनंतर मुलीने आणि जावयांनी आम्हा दोघांना केनियाला नेलं. सोबत नात्यातली आणि ओळखीची मंडळी होती. कोणाचं काय कुठे अडलं, ते मी जवळून पाहिलं. तेव्हापासून वणी-मारेगावकडून कोणी आफ्रिकेला निघालं की फोन येतो, नाहीतर माणूस सरळ ओसरीवर येऊन बसतो. म्हणून एकदाचं लिहून काढतो आहे.

आमच्या भागातल्या माणसाची एक वेगळीच अडचण असते. त्याला जंगल नवं वाटत नाही. वणी परिसरातल्या खाणींच्या ओबीवर, म्हणजे उपसलेल्या मातीच्या त्या डोंगरांवर, काटेरी झुडपं वाढली आहेत आणि तिथे वाघ दिसल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. एका बाजूला ताडोबा, दुसऱ्या बाजूला टिपेश्वर अभयारण्य. २०१९ मध्ये टिपेश्वरातून निघालेला एक कॉलर लावलेला तरुण वाघ शेतं, नाले, महामार्ग ओलांडत तेराशे किलोमीटरहून जास्त चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. असा शेजार असल्यावर आपण जंगलातलीच माणसं, आपल्याला काय तयारी लागते, असं वाटू लागतं. आमच्या सोबतच्या एका भाऊंनी हे वाक्य विमानतळापर्यंत तीनदा म्हटलं असेल. पण वाघाच्या शेजारी राहणं वेगळं आणि पाच हजार किलोमीटरवरच्या परक्या देशात, परक्या हवेत, परक्या रोगांच्या मुलखात आठवडाभर राहणं वेगळं.

तरुण पोरं अजून एक प्रश्न विचारतात. "काका, तिकडं शिकार करू देतात म्हणे, खरं का?" खरं आहे, काही देशांत. नामिबिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया इथे परवाना काढून, प्रचंड पैसे मोजून शिकार करता येते. केनियाने मात्र १९७७ मध्येच शिकारीवर बंदी घातली, आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पाचच वर्षांनी. आणि तिथे मारलेल्या जनावराचं मुंडकं किंवा कातडं भारतात आणून दिवाणखान्यात लावता येईल, असं कोणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. आयातीच्या नियमांत ते बसत नाही.

पण मला कायद्यापेक्षा दुसरंच सांगायचं असतं. शिकार म्हणजे काय ते आमच्या जिल्ह्याने २०१८ मध्ये पाहिलं आहे. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघीण, जिला पुढे सगळे अवनी म्हणू लागले, तिच्या आणि तिच्या बछड्यांच्या नावावर तेरा माणसांचे बळी मांडले गेले होते. शेतात कापूस वेचायला जायची सोय राहिली नव्हती. ती भीती खरी होती आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांचा संताप रास्त होता. मग हत्ती आले, ड्रोन आले, परदेशी जातीची कुत्री आली, बाहेरून नेमबाज आले. त्या गडबडीत ताडोब्याहून आणलेला एक हत्ती सुटून पळाला आणि चहांद गावातली एक बाई त्याच्या पायी दगावली. वाघिणीशी काही संबंध नसताना तिचा जीव गेला. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघीण गोळीने मेली आणि तिचे दोन बछडे मागे राहिले. नंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत या कारवाईतल्या त्रुटी पुढे आल्या. हे सगळं एवढ्या जवळून ऐकल्या-पाहिल्यावर हौसेसाठी गोळी झाडायला जाणाऱ्याची तयारी करून देणं माझ्याच्याने होत नाही. पुढे जे लिहितो आहे ते बघायला, फोटो काढायला आणि सुखरूप परत यायला निघालेल्या माणसासाठी.

पहिलं काम लसीचं. केनिया, युगांडा यांसारख्या देशांतून भारतात परतताना यलो फिव्हरची लस घेतल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं. ते पिवळं कार्ड जवळ नसेल तर आपल्याच देशाच्या विमानतळावर आपल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. याचं कारण समजून घ्या. हा रोग डासांतून पसरतो, आपल्याकडे तो नाही, पण तो पसरवू शकणारा एडिस डास गावोगाव आहे. म्हणजे एक आजारी प्रवासी पुरे. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. ती फक्त सरकारने नेमलेल्या ठरावीक केंद्रांवर मिळते, कोणत्याही दवाखान्यात नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, म्हणून केंद्रं ठरलेल्या वारी, नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. वणीहून जाण्याचा एक दिवस, नंबर लागला नाही तर पुन्हा एक दिवस. निदान दीड-दोन महिने आधी या कामाला लागा. एकदा घेतली की झालं. २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं.

साठीच्या पुढच्या माणसांनी इथे थांबून डॉक्टरांशी बोलायला हवं. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची ही लस आहे आणि वय जास्त असताना पहिल्यांदा घेतल्यास दुष्परिणामांचा धोका वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, कॅन्सरवरचे उपचार, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, यांतलं काही असेल तर केंद्रावर गेल्या गेल्या सांगा. लपवू नका. सहलीचे पैसे भरले आहेत म्हणून कोणी लपवतं, आणि हे जिवावर बेतू शकतं.

आमच्या सोबत एक जोडपं निघणार होतं. त्यांना सहलवाल्याने सांगितलं होतं, "कार्डाचं टेन्शन घेऊ नका, एअरपोर्टवर करून देऊ." विमानतळावर असं काही करून मिळत नाही. मुंबईत काउंटरवर कागद तपासताना दोघांना बाजूला घेतलं. वहिनींनी सहा महिने भिशीत पैसे साठवून ही सहल जुळवली होती. दोघं परत फिरले आणि आम्ही पुढे गेलो. काचेपलीकडे उभ्या राहिलेल्या वहिनींचा चेहरा आठवला की मला आजही त्या सहलवाल्याचा राग येतो. तोंडी आश्वासन घेऊ नका. कोणता कागद कोण देणार, कधी देणार, हे लिहून घ्या.

कागदांचं बाकीचं थोडक्यात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी, ईटीए, सुरू केली आहे. ती घरूनच काढावी लागते. टांझानियाचा व्हिसा वेगळा. टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा हे एकच रान असलं तरी मधली सरहद्द जनावरांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने शिल्लक हवी. डॉलरच्या नोटा जुन्या, फाटक्या, शाईने लिहिलेल्या घेऊ नका. २००९ च्या आधी छापलेल्या नोटा तिकडे बरेच जण नाकारतात. वणीतल्या बँकेत मोजून गठ्ठा घेतला तरी प्रत्येक नोट उलटून वर्ष बघा.

आता कधी जायचं. आपल्याला सुट्टी मे महिन्यात मिळते, पोरांची शाळा बंद, बापाची रजा मंजूर. केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. आणि मारातली बरीचशी जमीन आपल्या ओळखीची आहे: काळी, चिकट, कपाशीची. यवतमाळच्या शेतकऱ्याला सांगायला नको की अशा जमिनीवर दोन दिवस पाऊस झाला की बैलगाडीचं काय होतं. तिथे चार चाकांना जोर लावणाऱ्या जीपसुद्धा रुततात आणि सफारीचा अर्धा दिवस दुसरी गाडी येऊन ओढण्याची वाट बघण्यात जातो. दर कमी म्हणून मेची सहल गळ्यात मारतात, तेव्हा दर कमी का आहे ते विचारा. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, म्हणजे हरणाच्या कुळातली जनावरं, नदी ओलांडतात तो काळ साधारण जुलै ते ऑक्टोबर. तेव्हा गर्दीही असते आणि खर्चही. मसाई मारात परदेशी पाहुण्याचं प्रवेशशुल्क २०२४ पासून वर्षाच्या पहिल्या सहामाहीत दिवसाला १०० डॉलर आणि दुसऱ्या सहामाहीत २०० डॉलर झालं आहे. माझं मत विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी बघा. गवत खुजं असतं, जनावर दिसतं, आणि सिंह, हत्ती, जिराफ, बिबट्या हे तर मारात बारा महिने असतात. विल्डबीस्टच्या लोंढ्यासाठीच जायचं असेल तर जून उजाडायच्या आत बुकिंग झालेलं असू द्या.

बॅगेचं कारण आता सांगतो. नैरोबीहून माराला रस्त्याने पाच-सहा तास लागतात. पाठीचं दुखणं असलेली मंडळी म्हणून छोट्या विमानाने जातात. ती विमानं विल्सन नावाच्या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. त्यांत माणशी पंधरा किलो वजन चालतं, हातातली पिशवी धरून. सामान ठेवायची जागा अरुंद आणि वाकडी, म्हणून बॅग मऊ, दाबली जाईल अशी मागतात. जावयांच्या काकांनी मोठी कडक सुटकेस आणली होती. विल्सनच्या फरशीवर ती उघडून काकूंनी साड्या, चिवड्याचे डबे, इस्त्रीसुद्धा बाहेर काढली. अर्धं सामान नैरोबीत ओळखीच्या हॉटेलात ठेवावं लागलं आणि त्या अर्ध्यात काकांच्या साखरेच्या गोळ्या गेल्या. त्या गोळ्या मिळवायला दोन दिवस लागले. गोळ्यांचा नियम एकच ठेवा: रोजचं औषध अंगाजवळच्या पिशवीत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलेलं. निम्मी औषधं बायकोच्या पिशवीत, निम्मी नवऱ्याच्या.

कपड्यांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि सगळ्यात जास्त चुकतात. आफ्रिका म्हटली की ऊन डोळ्यांपुढे येतं, त्यात विषुववृत्त. पण चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे, मारा पंधराशेच्या वर आणि नैरोबी सतराशेच्याही वर. पहाटे साडेसहाला छत उघडलेल्या गाडीत उभं राहिलं की वारा कानात शिरतो. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेची पूर्ण तयारी न्या: कानटोपी, अंगाबरोबरचं स्वेटर, वरून वारा अडवणारं जाकीट. नऊनंतर एकेक काढत जायचं. एक जाड गरम कोट नेलात तर तो घातला तर घाम, काढला तर थंडी.

रंगाला अर्थ आहे. गडद निळा आणि काळा नको, कारण त्से-त्से माशी या रंगांवर येते. तिला पकडायचे सापळेसुद्धा याच रंगांच्या कापडाचे करतात. तिचा चावा जीन्समधूनही लागतो. पांढरा नको, तो लांबून चमकतो आणि तासाभरात मळतो. सैन्यासारखे ठिपक्यांचे कपडे आणि टोप्या कटाक्षाने टाळा. आफ्रिकेतल्या काही देशांत सामान्य माणसाने ते घालणं गुन्हा आहे. मातकट, फिका हिरवा, करडा, हे रंग घ्या. ते वणीत कुठल्याही दुकानात मिळतात. सफारीचे म्हणून दुप्पट भावाने विकले जाणारे कपडे घ्यायची गरज नाही.

धुळीबाबत राजूरकरांना शिकवायची गरज नसावी. चुनाभट्टीवर काम करणाऱ्या बायाबापड्या नाकातोंडावर दुपट्टा कसा गुंडाळतात, ते आम्ही लहानपणापासून बघतो. तोच सुती दुपट्टा न्या, एकाच्या जागी दोन. माराची धूळ बारीक असते. चष्मेवाल्यांनी दुसरा चष्मा जवळ ठेवावा, लेन्स लावणाऱ्यांनी त्या आठवड्यात चष्माच वापरावा.

इथे मी प्रत्येकाला आग्रहाने एक गोष्ट करायला लावतो. सगळं सामान जमलं की केनियाच्या आधी टिपेश्वरला जाऊन या. राजूरहून मारेगाव, करंजी करत पांढरकवड्याला पोचलं की सुन्ना गेट जवळच आहे. १९९७ मध्ये घोषित झालेलं, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, सागाचं रान, आणि वाघांची चांगली वस्ती. पावसाळ्यात बंद असतं, म्हणून हिवाळ्यातला दिवस धरा. पहाटेची फेरी घ्या, आणि केनियाला नेणार तेच कपडे, तेच बूट, तीच पिशवी, तोच कॅमेरा घेऊन बसा. घरी कपाटासमोर जे कळत नाही ते उघड्या जिप्सीत तासाभरात कळतं. बूट टाचेला चावतो. दुर्बिणीचा पट्टा अपुरा पडतो. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते. आमच्या काकूंना तिथेच उमगलं की साडीत गाडीची उंच पायरी चढता येत नाही. त्यांनी दोन सलवार-कमीज शिवून घेतले आणि केनियात त्या सगळ्यांच्या आधी गाडीत चढून बसायच्या.

अजून एक गोष्ट टिपेश्वरात कळते आणि ती कोणी बोलत नाही. साखरेच्या, प्रोस्टेटच्या किंवा नुसत्या वयाच्या माणसाला चार तास लघवी रोखता येत नाही. रानात कुठेही खाली उतरायला बंदी असते, इथेही आणि तिथेही. लाजेपोटी आदल्या रात्रीपासून पाणी न पिणारे लोक मी पाहिले आहेत. उन्हात त्यांना भोवळ येते. पाणी प्या, आणि निघतानाच चालकाला सांगून ठेवा. सुरक्षित जागा त्याला माहीत असतात, थांबा तोच ठरवेल. बायकांनी तर हे बिनदिक्कत सांगावं.

टिपेश्वरला किंवा ताडोब्याला गेलात की गप्प बसायचीही सवय होते, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाडीतल्या लोकांनीच चालकाला पुढे घे, पुढे घे म्हणून रेटलं की असं होतं. मारातही चित्त्याभोवती गाड्यांचा गराडा पडतो. चित्ता दिवसा शिकार करतो. गर्दीमुळे त्याची शिकार हुकली तर पिलं उपाशी राहतात. चालकाला जास्तीची बक्षिसी दाखवून जवळ न्यायला सांगू नका. तो नाही म्हणाला तर तो चांगला चालक आहे, बक्षिसी त्यासाठी द्या.

बघायच्या वस्तूंत दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर. माणशी एक दुर्बीण हवी, कारण बिबट्या झाडावर असतो तेवढ्या अर्ध्या मिनिटात ती हातोहात फिरत नाही. आठ गुणिले बेचाळीस मापाची घ्या: पहिला आकडा चित्र किती पट जवळ येतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा. दहापट, बारापट घेतली तर हलत्या गाडीत हातच इतका हलतो की काही दिसत नाही. कॅमेऱ्याला तिपाई नेऊ नका, गाडीत ती मांडताच येत नाही. जुन्या जीन्सची उशीएवढी थैली आमच्या गावच्या शिंप्याकडून साखळी लावून शिवून घ्या, रिकामी न्या आणि तिथे तांदूळ किंवा राजमा भरा. गाडीच्या कठड्यावर ठेवली की कॅमेरा दगडासारखा स्थिर राहतो. परतताना धान्य तिथल्या स्वयंपाकघरात द्या. लेन्स बदलू नका, धूळ आत जाते. पॉवर बँक हातातल्या सामानात. ड्रोन घरी ठेवा. परवान्याशिवाय नेलं तर विमानतळावरच काढून घेतात. केनियातले प्लग आपल्यापेक्षा वेगळे, तीन चपट्या पिनांचे असतात, त्यांचा अडॅप्टर इथूनच घ्या.

खाण्याची फार काळजी नको. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. केनियात चपाती घराघरांत होते. तरी जवसाची चटणी, शंकरपाळे, धपाटे एवढं असलं की म्हातारी माणसं खूश राहतात. आंबे, भाज्या, बियाणं मात्र नेऊ नका. आणि बांधणार कशात, ते बघा. आपण चटणी पन्नीत, चप्पल पन्नीत, ओले कपडे पन्नीत बांधतो. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे; टांझानियात १ जून २०१९ पासून पाहुण्यांनाही लागू. विमानतळावरच्या खरेदीची पन्नीसुद्धा उतरण्याआधी टाकून द्या. कापडी थैल्या शिवून घ्या, डबे वापरा.

विमा इथूनच, निघण्याआधी काढावा लागतो, आणि त्यात आधीपासूनचा आजार धरलेला आहे का, तसंच रुग्णाला विमानाने हलवायचा खर्च धरलेला आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. मारात मोठं इस्पितळ नाही. १९५७ मध्ये सुरू झालेली फ्लाइंग डॉक्टर्सची सेवा नैरोबीच्या विल्सनवरून चालते आणि ती रानातल्या धावपट्टीवरून रुग्ण उचलते, पण त्याचे पैसे कोण देणार ते आधी ठरलेलं बरं.

परतताना कोणी हस्तिदंताची वस्तू, नख, दात, हत्तीच्या केसाचं कडं दिलं तर घेऊ नका, भेट म्हणूनही नाही. मसाई बायकांच्या हातचे मण्यांचे दागिने घ्या, ते सुंदर असतात आणि पैसा त्यांच्याकडे जातो.

आणि मलेरिया. आमच्याकडे लोक म्हणतात, मलेरिया आम्हाला नवा नाही. शेजारच्या गडचिरोलीत फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा मलेरिया, किती माणसं नेतो, ते माहीत असूनही म्हणतात. लहानपणी कधी झाला म्हणून आज अंगात त्याची ताकद उरत नाही. मारात मलेरिया आहे. निघण्याआधी डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या लिहून घ्या. औषधाप्रमाणे त्या जाण्याच्या एक-दोन दिवस आधी किंवा त्याहून आधी सुरू कराव्या लागतात, आणि घरी आल्यावरही काही आठवडाभर, काही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. घरी पोचलो, आता कशाला, म्हणून लोक इथेच त्या बंद करतात. संध्याकाळी पूर्ण बाह्या, पायमोजे आणि डास पळवणारं मलम हे वेगळंच, ते गोळ्यांच्या जागी नाही.

आमच्यातल्या एका दादांनी गोळ्या अशाच सोडल्या. परतून दोन आठवड्यांनी ताप आला. पहिल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून औषध दिलं, कारण दादांनी आफ्रिकेचं नावच काढलं नव्हतं. चौथ्या दिवशी ते बरळायला लागले तेव्हा त्यांच्या सुनेने हट्ट धरून रक्त तपासायला लावलं. फाल्सिपेरम निघाला. ते वाचले, पण अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढून. म्हणून परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, अगदी साधा वाटला तरी, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि नाव-वय सांगायच्या आधी सांगा की मी आफ्रिकेहून आलो आहे, मलेरियाची तपासणी करा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही तर पुन्हा करायला सांगा. हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असू द्या. तापात आपल्याला बोलायचं सुचेलच असं नाही. दोन ओळी, कुठे गेलो होतो आणि कोणत्या तारखेला परतलो, कागदावर लिहून पिवळ्या कार्डाला टाचून ठेवा आणि ते कार्ड सुनेच्या, मुलाच्या हाताशी येईल अशा जागी ठेवा.